रामा रंगाची साडी आणि वानखडेमॅडमची प्रयोगशाळा

आदरणीय डॉ. पुष्पा वानखडे मॅडम यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरलेली होते. सुरतेजवळच्या इच्छापोरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडच्या वरच्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा आहे. खाली लोखंड कापायचं काम चालतं. तो करवतीचा आवाज, बाहेर हजिऱ्याकडे जाणारे मोठमोठे ट्रेलर, आणि माझी नात जयश्री तिथे रोज एकटी जाणार. आम्ही डिंडोलीला राहतो. तिथून दोन बस. मी म्हटलं, पहिल्या दिवशी मी सोबत जाते. माझा मुलगा सुनील, जयश्रीचा बाप, हसला. "माय, ती इंजिनेर व्हई गई. तू तिले बालवाडीमा सोडाले जाई ऱ्हायनी का?"

हसू दे. मी गेले.

जिन्याच्या वरच्या पायरीवर मॅडम उभ्या होत्या. साधी सुती साडी, पायात रबरी चपला, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. मला वाटलं होतं प्रयोगशाळेची मालकीण म्हणजे पांढरा कोट घातलेली, कडक बोलणारी बाई असेल. मॅडम म्हणाल्या, "या मावशी. दम लागला का?"

मी म्हटलं, "दम नाही, भ्याव लागते."

"काहून?"

आता काहून ते मी काय सांगू. म्हटलं, "पोरगी लांब येते. उद्याही मी येईन सोबत."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आजी, इथे असं चालत नाही. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "या ना. पण रिकामं बसून काय करसान? घरी काय काम करता?" मी सांगितलं, भरतकाम केलेल्या साड्यांचे मागचे लोंबते धागे कापते. "मग तेच आणा. फक्त आतल्या खोलीत नाही, तुमच्या धाग्यांचा भुगा माझ्या सामानाला बाधेल. इथे बाहेर, पॅसेजमध्ये बसा."

अशी मी साठी उलटल्यावर प्रयोगशाळेत जाऊ लागले. आमच्या गल्लीत कुणाला खरं वाटलं नाही.

मॅडमच्या साठीच्या या गौरवग्रंथात मोठमोठ्या लोकांचे लेख आहेत असं जयू सांगते. प्राध्यापक आहेत, कंपन्यांचे साहेब आहेत. माझं शिक्षण तिसरी. तेही शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात पाऊस नसला तरच शाळा, कारण छप्पर नव्हतं. ग्रंथाच्या समितीची मंडळी घरी आली तेव्हा मी नको म्हटलं. मग वाटलं, मॅडमचं शास्त्र सगळे लिहितील, पण त्या पौष महिन्यात काय झालं ते मला, जयूला आणि खुद्द मॅडमना सोडून कुणाला पूर्ण ठाऊक नाही. ते सांगायचं राहिलं तर माझ्यावर ओझं राहील. शब्द इकडेतिकडे झाले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मॅडमचे वडील वाशीमकडून सुरतेला आले आणि त्यांनी आयुष्यभर पॉवरलूम चालवला. मॅडम मागाच्या खडखडाटात अभ्यास करून शिकल्या, पुढे इथल्याच एका कॉलेजात शिकवू लागल्या आणि आपल्या पगारातून ही प्रयोगशाळा उभी केली. तिथे लिंबायत, उधना, डिंडोलीच्या मुलामुलींना त्या काम शिकवतात. आमच्यासारख्यांच्या. एवढं लिहिताना माझा ऊर भरून येतो, कारण त्यात माझी जयू आहे आणि ती सगळ्यांत हुशार आहे. हे मी मॅडमसमोर म्हटलं तर मॅडम म्हणतात, "मावशी, तुमची साक्ष धरता येत नाही."

त्या काय काम करतात ते मला पॅसेजमध्ये बसून हळूहळू समजलं. कंगव्याएवढ्या हिरव्या पट्ट्या असतात, त्यावर काळ्या चौकोनी चिपा. त्यांना एसएसडी म्हणतात. मी पट्ट्याच म्हणते. कॉम्प्युटरचं, मशीनचं सगळं त्यात साठवलेलं असतं. मॅडमनी एकदा चहा पिताना मला सांगितलं, तसंच मी सांगते. समजा अंगणात शेकडो मडकी ठेवलीत, काही भरलेली, काही रिकामी. कुठलं भरलेलं आणि कुठलं रिकामं, यावरूनच सगळं लिहिलेलं असतं. वाचायचं म्हणजे काठी घालून बघायचं, पाणी खुणेच्या वर आहे की खाली. पण दिवस जातात, ऊन लागतं, पाणी आटतं. मग भरलेलं मडकंसुद्धा खुणेच्या खाली दिसतं आणि वाचण्यात चूक होते. थोड्या चुका पट्टी स्वतःच गणित करून दुरुस्त करते. चुका जास्त असल्या की खूण जरा खाली सरकवून सगळी मडकी पुन्हा बघते, पुन्हा गणित करते. तरी नाही जमलं की आणखी खाली. या फेऱ्या चालू असतात तोवर पुढचं मशीन ताटकळत उभं राहतं.

मॅडमचं म्हणणं असं की एका कोपऱ्यातली मडकी साधारण सारखीच आटतात. मग शेजारच्या मडक्यांची खूण कुठे जुळली होती ते पट्टीने ध्यानात ठेवावं आणि तिथूनच सुरुवात करावी, पहिल्यापासून नको. शिवाय एका फेरीचं गणित चालू असताना दुसरी फेरी सुरू करून ठेवावी. मी म्हटलं, हे तर स्वयंपाकातलं झालं, एक भाकर तव्यावर आणि दुसरी हातावर. मॅडम म्हणाल्या, "तेच. पण पट्टीला हे शिकवायला आम्हाला सहा वर्षं लागली."

नव्या पट्ट्यांचं पाणी लवकर आटत नाही, म्हणून जयू त्या भट्टीत ठेवून म्हाताऱ्या करायची. मला त्या भट्टीची फार भीती वाटे. पोरीचा हात भाजला तर? मी रोज संध्याकाळी तिची बोटं बघायची. ती म्हणायची, "आजी, भट्टीला दार आहे."

भट्टीतून काढलेल्या पट्ट्या तीन ट्रेमध्ये मांडून, वायरी जोडून, रात्रंदिवस चालू ठेवलेल्या असत. दोन ट्रे खिडकीजवळ, एक आत कपाटापाशी. उघड्याच, कारण त्यांवर आणखी वायरी लावायच्या असत. त्या जयूने सात महिने तयार केलेल्या होत्या. थंडी संपता संपता एका कंपनीची माणसं येऊन पट्ट्यांना शिकवलेली तिची ही रीत तपासणार होती. पसंत पडलं तर कंपनीचं काम प्रयोगशाळेला आणि जयूला तिथे कायमची जागा. नाही तर सुनीलने सांगून ठेवलं होतं. एक वर्ष दिलं पोरीला, त्यानंतर चोपड्याचे पाहुणे बघायला येतील. माझा सुनील वाईट नव्हता, पण पोरीने शिकून एवढ्या लांब जायचं आणि हाती काही लागायचं नाही, हे त्याला पटत नव्हतं. म्हणजे पोरीचं पुढचं सगळं त्या तीन ट्रेवर येऊन थांबलं होतं.

आता माझी गोष्ट सांगते.

त्या पौषात समोरच्या प्लॉटवर बांधकाम निघालं. सिमेंटची धूळ खिडकीच्या फटीतून आत यायची. मी पॅसेजमधून बघायची, त्या हिरव्या पट्ट्यांवर धूळ बसते आहे. मला सांगितलेलं होतं, हात लावायचा नाही. मी हात लावला नाही. दुपारी सगळे खाली जेवायला गेले की मी माझ्या गठ्ठ्यातली धागे कापून झालेली साडी बाहेरच झटकायची, आत न्यायची आणि अलगद ट्रेवर पसरायची. आमच्या घरात सगळं झाकलेलं असतं. टीव्हीवर साडी, मिक्सरवर साडी, शिलाई मशीनवर साडी. चांगल्या वस्तूवर धूळ बसू द्यायची म्हणजे घरातल्या बाईचा आळस. मंडळी वर येण्याआधी साडी काढून घडी घालायची, कारण गठ्ठ्यातल्या साड्या मोजून परत द्यायच्या असतात. कुणाला बोलले नाही. पुण्य सांगून करू नये.

साडी उचलताना चटचट आवाज यायचा आणि हातावरचे केस उभे राहायचे. मला वाटलं थंडी.

आठ-दहा दिवसांनी जयू घरात बोलेना. विचारलं तर म्हणे, पट्ट्या अडकतात. जिथे एका फेरीत वाचायला हवं तिथे वीस फेऱ्या करतात, कधी उत्तरच देत नाहीत. तिची रीत आत घातल्यावर वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. तिला वाटलं, आपलंच गणित चुकलं. तिने सगळं पहिल्यापासून तपासायला घेतलं. मॅडम तिच्याशेजारी बसायच्या, रागावत नसत, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. कंपनीची माणसं दोन आठवड्यांवर आली होती. पोरगी भाकरीचा तुकडा मोडायची आणि तसाच ठेवायची.

एका दुपारी एक नवीन विद्यार्थी आला. थंडीचं चकचकीत जॅकेट घालून तो आतल्या खोलीत निघाला, तोच मॅडमनी त्याला दारातच अडवलं. "थांब बापा. जॅकेट बाहेर. असल्या पॉलिस्टर कापडाच्या घासण्यानं वीज तयार होते. तुला चटका लागला तर तू ओरडशील. चिपेला लागला तर ती ओरडत नाही, आतून जळते."

पॅसेजमध्ये माझ्या हातातला कटर खाली पडला.

माझ्या मांडीवरची साडी पॉलिस्टरची होती. सुरतेत आम्ही दुसरं काय हाताळतो.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बसमध्ये जयूशेजारी बसायची आणि तिच्याकडे बघायची नाही. सांगितलं तर पोरीला म्हणतील, तुझी आजी आणलीस म्हणून हे झालं, घरी जा. नाही सांगितलं तर पोरगी आपलीच अक्कल चुकली म्हणून आयुष्यभर कुढत बसणार. कानबाईला, आमच्या खान्देशच्या देवीला, हात जोडले. कानबाई काही बोलत नाही, सगळं आपल्यालाच करायला लावते.

तिसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेले तेव्हा मी मॅडमना म्हटलं, "तुम्ही जरा थांबा." आणि सांगितलं. साडी पसरायचे ते हातानं करून दाखवलं.

मॅडमनी चष्मा काढला. खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, गठ्ठा उचला आणि निघा. त्या म्हणाल्या, "कोणत्या ट्रेवर?"

"खिडकीजवळच्या."

"दोन्ही?"

मी डोळे मिटले. माणसांची नावं मी विसरते, पण हाताखालून गेलेली साडी विसरत नाही. सांगितलं, आधी रामा रंगाच्या, मोरपिशी हिरव्या साड्यांचा गठ्ठा होता, त्यातली साडी चार दिवस पहिल्या ट्रेवर. मग राणी रंगाचा गठ्ठा आला, त्याला काठाशी टिकल्या होत्या, ती साडी लांब होती म्हणून दोन्ही ट्रे झाकले, पण दुसऱ्याचा खालचा भाग उघडा राहायचा. तिथल्या पट्ट्यांवर साडी आली नाही. मग संक्रांत आली, काम बंद. आतल्या ट्रेला धूळ लागत नव्हती, तो कधीच झाकला नाही.

"नक्की?"

"मॅडम, मी खोटं बोलायला आले नाही. खोटं तर दोन दिवस बोलत होते, गप्प बसून."

त्यांनी कागद घेतला, ट्रेचं चित्र काढलं, मला बोटानं दाखवायला लावलं आणि एकेका पट्टीवर खूण केली. मग खाली जाऊन जयूला घेऊन आल्या, कागद दाखवून तिला सगळं सांगितलं. म्हणाल्या, "तुझी रीत चुकली की नाही ते अजून कळलेलं नाही. कदाचित तू जखमी पट्ट्यांना प्रश्न विचारत होतीस."

जयूने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. संध्याकाळी आम्ही बसने निघालो. उधन्याचा पूल गेल्यावर जयू म्हणाली, "घरमा फ्रिजले बी साडी नेसाडस तू. माले समजाले पाहिजे व्हतं."

मी म्हटलं, "मार माले."

"मारिसन काय भेटी?" आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. पोरगी रडत होती की हसत होती ते मला बघवलं नाही.

तीन दिवस तपासणी चालली. साडी ज्यांच्यावर आली होती, त्यातल्या बऱ्याच पट्ट्या अडकत होत्या. ज्या उघड्या राहिल्या त्या आणि आतल्या ट्रेमधल्या सगळ्या जयूच्या रीतीने पटापट उत्तर देत होत्या. मला वाटलं, सुटलो. खरी भीती त्यानंतरच होती.

तिथल्या एका मुलाने सुचवलं, "मॅडम, कंपनीला फक्त चांगल्या पट्ट्या दाखवू. बाकीच्यांचं नाव कशाला काढायचं?" मला त्याचं बोलणं पटलं. मी तर मॅडमच्या पाया पडायला निघाले. "नका लिहू मॅडम. त्या माणसांना वाटेल, ही कसली प्रयोगशाळा, जिथे म्हातारी येऊन साड्या वाळत घालते. पोरीचं नुकसान होईल."

मॅडमनी मला उठवलं, खुर्चीवर बसवलं, स्वतः चहा करून आणला. त्या म्हणाल्या, "होईल. होऊ शकतं. मलाही भीती वाटते मावशी. पण मी लपवलं तर उद्या जयू लपवेल. मग तिच्या कामावर मी कसा भरवसा ठेवू?"

मॅडमच्या प्रयोगशाळेत एक जाड वही आहे. ज्याच्या हातून जी चूक होते ती त्याने स्वतःच्या अक्षरात त्यात लिहायची. पहिल्याच पानावर मॅडमची स्वतःची चूक आहे, भट्टीचा काटा उलटा वाचल्याची. त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. मी कित्येक वर्षांत सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. चार ओळी लिहायला मला अर्धा तास लागला. लिहिलं की, धूळ बसू नये म्हणून मी दुपारी पट्ट्यांवर साडी घालत होते, मला माहीत नव्हतं, विचारायला पाहिजे होतं. मॅडमनी वाचलं आणि खाली आपल्या हाताने जोडलं की, आत काय चालतं आणि कशाने बिघडतं हे मावशींना सांगायचं काम माझं होतं, मी फक्त हात लावू नका म्हटलं.

कंपनीची तीन माणसं आली. मी पॅसेजमध्येच होते, गठ्ठा न आणता. दार उघडं होतं. जयूने काम दाखवलं. तिचं बोलणं संपल्यावर कुणी काही विचारायच्या आत मॅडमनी सांगितलं की, खिडकीजवळच्या पट्ट्या आमच्या चुकीने बिघडल्या, कशा बिघडल्या ते या कागदात आहे. साहेबांनी कागद वाचला. एक साहेब हिंदीत म्हणाले, "ये तो बड़ी लापरवाही है. ज़िम्मेदार कौन?"

मॅडम म्हणाल्या, "मैं. कमरा मेरा है."

साहेब लोक चहा न पिता गेले. वीस दिवस त्यांचं काही उत्तर आलं नाही. मग पत्र आलं: रीत बरी दिसते, पण नव्या पट्ट्या घेऊन सगळं पुन्हा करून दाखवा, मग ठरवू. म्हणजे पुन्हा भट्टी, पुन्हा सात-आठ महिने. आणि इकडे वर्ष संपलं होतं. सुनीलने चोपड्याला फोन करायची तयारी केली.

एका रविवारी मॅडम आमच्या घरी आल्या. सिटी बसने, हातात पिशवी, पिशवीत वाशीमकडची तूरडाळ. आमच्याकडे वरणबट्टी होती, पोटभर जेवल्या, ठेचा मागून घेतला. मला वाटलं, आता सुनीलला समजावतील, मुलींचं शिक्षण वगैरे. त्यांनी ते काढलंच नाही. माझा मुलगा कॉम्प्युटरच्या भरतकाम मशीनवर कारागीर आहे. मॅडमनी विचारलं, "तुमच्या मशीनमध्ये डिझाइन कशावरून घालता?"

"पेनड्राइव्हवरून."

"वाचता वाचता मशीन मधेच थांबतं का कधी?"

"थांबतं ना. खात्याच्या शेडमध्ये उकाडा किती. मधेच थांबतं, परत चालू होतं, तिथे टाक्याचा डाग पडतो कापडावर."

"मग शेठ कुणाला बोलतो?"

सुनील हसला. "माले. आखो कोले बोली?"

मॅडम म्हणाल्या, "ते थांबणं बऱ्याच वेळा कारागिराचं नसतं. आतली चिप फेऱ्या मारत असते म्हणून असतं. ते थांबणं कमी कसं करायचं, ते तुमची पोरगी शोधते आहे. मी एवढंच सांगायला आले होते." आणि चपला घालून निघाल्या. सुनील त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला. परत आला तेव्हा टोपी खुंटीला लावत मला म्हणाला, "माय, चोपडाले फोन कराना ऱ्हाई गया. करसूत पुढला वरीसले." आणि ते पुढलं वर्षही तसंच गेलं, बरं झालं.

जयूने पुन्हा सगळं केलं. या वेळी ट्रेवर झाकण होतं, मॅडमनी खास बनवून घेतलेलं, घासण्याने वीज न धरणाऱ्या प्लास्टिकचं. कंपनीची माणसं पुन्हा आली, या वेळी चहा प्यायली. जयूची जागा कायम झाली. पट्ट्यांचा ताटकळत ठेवण्याचा वेळ किती कमी झाला ते आकडे दुसऱ्या लेखांत असतील. मला एवढं ठाऊक आहे की, त्या दिवशी पोरीने तीन भाकरी खाल्ल्या.

त्यानंतर माझे गुडघे गेले आणि माझं इच्छापोरला जाणं थांबलं. भीती काही थांबली नाही. हजिरा रोडचे ट्रेलर, अंधारून आलेली संध्याकाळ, पोरीची दुसरी बस. मॅडमना मी हे कधी बोलले नव्हते. पहिल्याच संध्याकाळी फोन वाजला. मॅडम म्हणाल्या, "मावशी, निघाली." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज. चार वर्षं झाली. कधी जयू म्हणते, मॅडम, मी मोठी झाले, मला लाज वाटते. मॅडम म्हणतात, मी तुझ्यासाठी करत नाही.

गेल्या वर्षी आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या आधी एका संध्याकाळी फोन आला नाही. मी घड्याळाकडे बघत बसले. जयूला लावला, ती उचलेना. मॅडमना लावला, बंद. शेजारची म्हणाली, आजी, ट्रॅफिक असेल. माझ्या डोळ्यांपुढे तो रस्ता. मी उंबऱ्यातच बसले. सुनील मोटारसायकल काढून निघालाच होता, तोच फोन वाजला. मॅडमचाच आवाज, पण विहिरीतून आल्यासारखा.

"मावशी, आज उशीर होईल. जयू माझ्याजवळ आहे, दवाखान्यात. तिले काही नाही झालं. मले झालं थोडं."

त्यांच्या छातीत कळ आली होती. जयूनेच रिक्षात घालून नेलं होतं. आत ऑपरेशनला नेताना नर्सने मोबाइल मागितला, तेव्हा मॅडम म्हणाल्या म्हणे, एक फोन करू द्या, एक म्हातारी वाट बघते आहे. हे जयूने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी त्या वेळी फोन ठेवला आणि पहिल्यांदा जयूसाठी नाही, मॅडमसाठी घाबरले. ती भीती आता उतरत नाही. घरात एकच माणूस काळजीचं होतं, आता दोन झाली.

मॅडम बऱ्या होऊन आल्या, पण पथ्य पाळत नाहीत. जेवायचं विसरतात, ठेचा सोडत नाहीत. कॉलेजातून आता निवृत्त होतील. प्रयोगशाळा मात्र सोडणार नाहीत. त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून सगळे आनंदात आहेत. मीही आहे. पण सत्कारात हारतुरे देणाऱ्यांनी त्यांना गोळ्या घेतल्या का तेही विचारावं, अशी माझी या मंडळींना विनंती आहे.

मोठी माणसं तुमच्यासाठी शंभर वर्षं मागतील. शंभर किती असतात ते मला मोजता येत नाही. मला एक संध्याकाळ कळते. मॅडम, मी कानबाईकडे तुमच्यासाठी रोजची एक संध्याकाळ मागते, तब्येत धड असलेली, आवाज नेहमीचा असलेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन मागते. मी घाबरट बाई आहे. मला घाबरवू नका. पुष्कळ जगा.